घाटरस्ता, काळी माती आणि गाडीचे शॉकअप

बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघाले की राजूर घाट लागतो. वर साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेले जिल्ह्याचे ठिकाण, खाली नळगंगेच्या खोऱ्यातला सखल मुलूख आणि मधे वळणावळणाचा उतार. उतरताना ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी पडतात. वळण आले की तेच वजन बाहेरच्या बाजूला सरकते. गाडी नवी असेल तर हे सगळे चालकाच्या ध्यानातही येत नाही. पंधरा वर्षांच्या गाडीत मात्र कधी नाक खाली जाते, कधी वळणावर अंग एका बाजूला टाकल्यासारखे होते, कधी खड्ड्यावरून गेल्यावर मागचा भाग दोन-तीनदा उडतो. घरातले म्हणतात, गाडी जुनी झाली, आता असेच चालायचे. पण बहुतेक वेळा थकलेली असते ती गाडी नव्हे, थकलेले असतात तिचे शॉकअप. आणि ते बदलता येतात.

घाट संपला म्हणून त्रास संपत नाही. खाली मोताळ्यापासून मलकापूर-नांदुऱ्याकडे काळी कपाशीची जमीन पसरली आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पावसाळ्यात ते पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याखालची मातीही तशीच फुगते नि आकसते. त्यामुळे एकही खड्डा नसलेला डांबरी रस्तासुद्धा दोन-चार वर्षांत लाटालाटांचा होतो. त्यावरून पन्नास-साठच्या वेगाने गेले की गाडी सतत वरखाली होत राहते.

शिवाय गावोगावचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकाचे मोजमाप ठरवून दिले: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी सहज पार व्हावी. प्रत्यक्षात अपघात झाल्यावर गावकरी चिडून रातोरात जो उंचवटा घालतात तो अरुंद आणि उभट असतो. त्यांची काळजी खरी असते, पण त्या उभट कडेचा मार प्रत्येक वेळी पुढच्या शॉकअपला बसतो.

शॉकअप नेमके काय करतो, याबद्दल गैरसमज फार. गाडीचे वजन तो पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे किंवा पाट्यांचे. खड्ड्यात चाक गेले की स्प्रिंग दबते आणि दबलेली स्प्रिंग उसळी मारते. तिला अडवणारे कोणी नसेल तर ती झोक्यासारखी आपल्याच तालात वरखाली होत राहील. झोका हाताने धरून थांबवावा तसे शॉकअप तिला थांबवतो. त्याच्या नळकांड्यात तेल असते, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक हलले की दट्ट्या सरकतो, तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने जाते आणि हालचालीची ताकद उष्णतेत बदलते. म्हणूनच खराब रस्त्यावर बराच वेळ चालवलेल्या गाडीचा चांगला शॉकअप हाताला गरम लागतो. चारांपैकी एकच थंड असेल तर त्याच्यावर संशय घ्यावा. जुन्या मिस्त्रींची ही साधी पद्धत आजही कामाची आहे. फक्त हात लावताना जपून, तापलेल्या ब्रेकला आणि सायलेन्सरला लागू नये.

गाडीचे अंग एका सेकंदात साधारण एक-दीड वेळा वरखाली होण्याच्या बेतात असते. चाक मात्र दहा-पंधरा वेळा. प्रवाशाला जाणवते ती पहिली हालचाल, आणि तेवढ्यासाठीच शॉकअप असतो असे त्याला वाटते. दुसरी डोळ्यांना दिसत नाही, पण जीव जास्त तिच्यावर अवलंबून असतो. चाक रस्त्यावर टेकलेले नसेल त्या क्षणी ब्रेकही काम करत नाही आणि स्टिअरिंगही. शॉकअपचे खरे काम आराम देणे हे नाही, टायर रस्त्याला चिकटवून ठेवणे हे आहे. एवढी एक गोष्ट मनात पक्की झाली की ‘अजून चालतंय की’ हे वाक्य तोंडी येणार नाही.

शॉकअपची ही युक्ती गाडीच्या जन्माइतकी जुनी नाही. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीचे पाटे होते आणि उसळी थांबवायला काहीच नव्हते. फ्रान्समध्ये त्रुफो याने चकत्यांच्या घर्षणावर चालणारा शॉकअप केला. तो अमेरिकेत हार्टफर्ड याने विकला. १९०८ च्या सुमारास मॉरिस हुदाय याने तेलाचा वापर केला. क्लीव्हलँडचा क्लॉड फॉस्टर गाड्यांचे भोंगे बनवत असे. भोंग्याला त्याने तुतारी फुंकणाऱ्या गॅब्रिएल या देवदूताचे नाव दिले आणि पुढे त्याच नावाने धक्के शोषणारे ‘स्नबर’ बाजारात आणले. मोताळ्याच्या दुकानातल्या फळीवर गॅब्रिएल नावाचा खोका दिसतो, त्या नावाचा उगम हा. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईत मुलुंडला सुरू झाली. आज तिचे कारखाने चाकण आणि नाशिकलाही आहेत. आणखी जवळ, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, एंड्युरन्स कंपनी दुचाकींचे शॉकअप बनवते. तेव्हा हा काही परमुलखातला, न मिळणारा भाग नव्हे.

छोट्या मोटारींच्या बाबतीत निर्णायक माणूस अर्ल मॅकफर्सन. हा अमेरिकी इंजिनिअर १९४७ मध्ये फोर्ड कंपनीत आला आणि त्याची रचना १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल व झेफिर गाड्यांत लोकांसमोर आली. शॉकअप, स्प्रिंग आणि चाक धरून ठेवणारा खांब असे तिन्ही एकाच उभ्या नगात. हाच स्ट्रट. जागा कमी लागते, सुटे भाग कमी, खर्च कमी. मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना हीच रचना होती. अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट यांनाही आहे. उलट बोलेरोच्या मागच्या चाकांना पाटे असतात आणि शॉकअप वेगळा, दोन बोल्टांनी लावलेला. गॅरेजमध्ये दोन्हींना शॉकअपच म्हणतात, पण बदलण्याच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाट्याच्या गाडीचा शॉकअप अर्ध्या-पाऊण तासात निघतो. स्ट्रट काढणे म्हणजे चाकाचा आधारच काढणे. तो परत बसवला की चाकाचा कोन बदललेला असतो आणि अलाइनमेंट केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

मारुती ८०० चा उल्लेख आला तो आठवणीपोटी नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांसह देशातल्या १३ शहरांत भारत स्टेज ४ चे प्रदूषण नियम लागू झाले आणि तिथे ही गाडी विकणे बंद झाले. बाकी ठिकाणी ती विकली जात राहिली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. म्हणजे बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत ती शहरांपेक्षा जवळपास चार वर्षे जास्त नवी मिळत होती. एमएच २८ पाटीच्या अशा गाड्या आज दहा-बारा वर्षांच्या पुढे आहेत, इंजिन उत्तम चालते आणि मालकाला ती विकायची नाही. मालकाची ही भूमिका अगदी शहाणपणाची आहे. अट एवढीच, की इंजिनाइतकेच लक्ष खालच्या भागाकडे द्यायला हवे.

मग किती किलोमीटरला बदलायचे? अमेरिकेची मन्रो कंपनी ५०,००० मैलांचा, म्हणजे सुमारे ८०,००० किलोमीटरचा आकडा देते. तिचा हिशेब असा की एका मैलात शॉकअप सरासरी १,७५० वेळा हलतो. ५०,००० मैलांत तो पावणेनऊ कोटी वेळा हललेला असतो. हा आकडा शॉकअप विकणाऱ्या कंपनीचा आहे हे लक्षात ठेवूनही तो उपयोगी आहे, पण डोळे झाकून घेण्यासारखा नाही. गुळगुळीत महामार्गावर धावलेली गाडी लाखाच्या पुढे सहज जाते. धामणगाव बढे, रोहिणखेड, पिंपळगाव देवी अशा गावांना रोज जाणारी, भरलेली गाडी त्याच्या बरीच आधी थकू शकते. सेकंडहँड घेतलेल्या गाडीचे मीटर तर खरे आहे की नाही याचीच खात्री नसते. म्हणून किलोमीटर हा फक्त तपासणीची आठवण करून देणारा आकडा समजावा. चाळीस हजारांनंतर दर सर्व्हिसिंगला बघायचे, ऐंशी हजारांनंतर कसून बघायचे. निर्णय गाडीच्या अंगावरच्या खुणांवरून घ्यायचा.

या खुणा चालकाला सर्वांत शेवटी दिसतात. टायर पंक्चर होतो, बॅटरी उतरते, ते एका क्षणात कळते. शॉकअप तसा जात नाही. तेल थोडे थोडे पातळ होते, झडपा झिजतात, सील गळू लागते, आणि चालकाचे हातपाय नकळत त्याच्याशी जुळवून घेतात. तो वळणाआधी थोडा जास्त हळू होतो, ब्रेक थोडा आधी दाबतो. रोज चालवणाऱ्याला गाडी ठीकच वाटते. पुण्याहून सुटीला आलेल्या मुलाने चालवली की दहाव्या मिनिटाला विचारतो, ‘बाबा, ही एवढी डुलते का?’ म्हणून स्वतःच्या अंदाजावर न जाता दुसऱ्या जाणत्या चालकाला अर्धा तास गाडी द्यावी.

त्याहून खरे सांगतो तो टायर. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात गोल फिरवावा. दर काही बोटांवर उंच-खोल, उंच-खोल असे गट्टे हाताला लागले, तर ते चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उड्या मारते आहे. याला चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले असणे हेही कारण असू शकते, म्हणून आधी ते करून घ्यावे. ते ठीक असूनही गट्टे पडत असतील तर दोष बहुतेक शॉकअपचा. एकाच कडेला झीज असेल तर अलाइनमेंट, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. टायरवाल्याकडे जुना टायर टाकून येण्याआधी तो एकदा असा वाचला तर अर्धे निदान फुकटात होते.

दुसरी खूण तेलाची. शॉकअपच्या वरच्या भागावर पातळसा ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ दिसली म्हणून घाबरू नये. दट्ट्याचा दांडा आत-बाहेर करताना सील ओले राहावे लागते, त्याचा तो अंश. पण नळकांडे खालपर्यंत ओले, काळपट चिकट झालेले आणि टोकाशी थेंब लोंबत असेल तर तो शॉकअप गेला. बहुतेक वेळा याची सुरुवात वरच्या रबरी आवरणापासून होते. ते फाटले की धूळ आणि चिखल थेट चकचकीत दांड्यावर बसतो, दांडा आत जाताना तो कण सील कापतो आणि तेल बाहेर पडू लागते. मोताळ्याच्या बाजूला काळ्या मातीचा चिखल सुकून दगडासारखा कडक होतो. पावसाळ्यात चाकांच्या कमानी आतून पाण्याने धुणे हा शॉकअपचे आयुष्य वाढवायचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बॉनेटवर दोन्ही हातांनी दाबून गाडी हलवायची आणि सोडायची, ही परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप खराब. यातला दुसरा निकाल विश्वासाचा आहे, पहिला नाही. हाताने दिलेला झटका हळू असतो; रस्त्यावरचा धक्का कितीतरी वेगवान. हळू हालचालीत टिकणारा शॉकअप वेगवान हालचालीत फसू शकतो. म्हणजे या परीक्षेत नापास झालेला नक्की बदलावा, पण पास झाला म्हणून निर्धास्त होऊ नये. अधिक भरवशाची परीक्षा यंत्राची. युरोपात शॉकअप उत्पादकांच्या संघटनेने आखलेल्या पद्धतीत चाकाखालची पट्टी वेगाने हलवतात आणि त्या वेळी चाकाचा दाब उभ्या गाडीच्या तुलनेत किती टक्क्यांपर्यंत उतरतो ते मोजतात. टायर रस्त्याला किती चिकटून राहतो, हेच ते मोजमाप.

आवाज ऐकून शॉकअप बदलण्याची घाई मात्र करू नये. बारीक खड्ड्यांवर ‘खट-खट’ येत असेल तर दोषी बहुधा स्टॅबिलायझरची लिंक किंवा झिजलेले बुश. जागेवर उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना ‘कट्ट’ असा आवाज आला तर स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंटिंग नि बेअरिंग. मोठ्या खड्ड्यात ‘धप्प’ असा ठोका बसला तर शॉकअप तळाला जाऊन आपटतो आहे. गाडी एका बाजूला खाली बसलेली दिसते, तो तर स्प्रिंगचा किंवा पाट्याचा दोष, नवा शॉकअप घालून ती उचलली जाणार नाही. हवा, बुश, लिंक, बॉल जॉइंट, माउंटिंग आणि मग शॉकअप, या क्रमाने तपासणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नये. हा क्रम चुकतो तेव्हाच हजारो रुपये घालूनही खट-खट तशीच राहते.

कपाशीच्या आणि सोयाबीनच्या हंगामात माल वाहणाऱ्या गाड्यांना जास्तीचा पाटा चढवतात. कारवाले स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवतात. दोन्हींनी गाडी उंच राहते, हे खरे. पण कडक झालेल्या स्प्रिंगची उसळीही जास्त जोराची असते आणि ती आवरण्याचे काम त्याच जुन्या शॉकअपवर येते. थकलेल्या शॉकअपवर बफर लावणे हा उपाय नाही. त्याने गाडी आणखी उडते.

बदलायचे ठरले की जोडीने बदलावे, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एक नवा, एक जुना असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर गाडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या वागतात. चारही एकदम बदलणे परवडत नसेल तर ज्या जोडीचे टायर गट्टे पडून झिजले आहेत ती आधी. स्ट्रटसोबत वरचे माउंटिंग, बंप स्टॉप आणि धुळीचे आवरण नवेच घ्यावे. ते भाग तुलनेने स्वस्त असतात, आणि त्यांच्यासाठी नंतर पुन्हा सगळे उघडायचे तर मजुरी दुप्पट.

काम चालू असताना मालकाने जवळ उभे राहून दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, स्प्रिंग कशी दाबतात. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा हात किंवा जबडा मोडेल एवढी ताकद असते. दोरी-वायरने बांधून नट सोडणाऱ्याला तिथेच थांबवावे. स्प्रिंग दाबायचे हत्यार नसेल तर काम दुसरीकडे न्यावे. दुसरी गोष्ट दांड्याची. वरचा नट आवळताना दांडा फिरू लागतो, आणि उतावळा पोरगा पक्कडीने मधेच चकचकीत दांडा धरतो. पक्कडीचे दात उमटले की तो भाग पहिल्याच खड्ड्यात सीलमधून आत जातो नि नवा शॉकअप महिनाभरात गळू लागतो. दांडा धरायला त्याच्या टोकाला खाच दिलेली असते, तिथेच धरायचा. बुशचे बोल्टही गाडी जॅकवर लोंबत असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकल्यावर आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते.

तेल भरून, रंग देऊन नवे म्हणून विकलेले शॉकअप बाजारात असतात. स्वस्त मिळतात. त्यांच्या झडपा मात्र जुन्याच. पक्के बिल, खोक्यावरची छापील किंमत, तारीख आणि वॉरंटी नसेल तर घेऊ नये.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. पण त्या तारखेची वाट बघण्यात अर्थ नाही. ११ डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजाच्या बाजूने, सुरू झाला आहे. गावच्या रस्त्यावर ताशी चाळीसने चालणारी गाडी तिथे शंभराच्या पुढे जाते. चाळीसला जी डुलणी वाटते ती शंभराला गाडी हातातून निसटल्यासारखी होते. तेव्हा पुढच्या वेळी टायर बदलायला जाल, तेव्हा जुने टायर उतरल्या उतरल्या शॉकअप बघून घ्या. त्या वेळी ते उघडे, डोळ्यांसमोर असतात आणि बघायला पैसे पडत नाहीत. गळके निघाले तर नवे टायर चढवण्याआधी तेच बदला.